तक्रार कोणाकडे करायची, हे शोधण्याचं काम कोणाचं?

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास इंदूरमधल्या आमच्या गल्लीत, रामबागेच्या अलीकडे, एका इमारतीच्या तळमजल्यावर कचोरीची भट्टी लागली. दुकानदार कष्टाळू माणूस आहे, पहाटे साडेचारला उठतो, त्याच्याशी आमचं काही वैर नाही. पण धुराचा पाइप निघतो तो बरोबर पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या खिडकीखाली, आणि आजींना दमा आहे. रात्री दुकान आवरताना काळं पडलेलं तेल मोरीत ओततात, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी गल्लीतलं चेंबर तुंबतं. जिन्याखाली तीन लाल सिलिंडर उभे असतात, घरगुती. आणि कढया घासायला एक मुलगा असतो. तो तेरा वर्षांहून मोठा असेल असं गल्लीत कोणालाच वाटत नाही.

आधी तोंडी सांगून पाहिलं. दोन-चार दिवस फरक पडला, मग पुन्हा तेच. तेव्हा आम्ही अर्ज लिहिला. एकच अर्ज, आठ ओळींचा, हिंदीत, खाली अकरा सह्या. तो घेऊन मी निघालो, आणि पुढचे सात आठवडे तो माझ्या पिशवीतच राहिला, कारण तो घ्यायला कोणी तयार होईना. पहिल्या खिडकीवर अर्ज पुरता वाचलाही नाही. "ये हमारे यहाँ का मामला नहीं है." मग कुठला, असं विचारल्यावर मानेनेच दाराकडे खूण झाली, "उधर पूछ लीजिए." दुसऱ्या ठिकाणी अर्ज वाचला, "सिलिंडर का काट दीजिए, वो हमारा नहीं" असं सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी सिलिंडरचं तेवढं ठेवायला सांगितलं.

शेवटी एका निवृत्त वकील मित्राने समोर बसवून उलगडून दिलं. आमच्या दृष्टीने तक्रार एक होती, कायद्याच्या दृष्टीने त्या पाच होत्या. धूर म्हणजे 1981 चा वायुप्रदूषणाचा कायदा, आणि त्याच्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ. मोरीत ओतलेलं तेल म्हणजे महापालिकेचं झोन कार्यालय. तेच तेल कढईत असेपर्यंत मात्र खाद्य सुरक्षा अधिकाऱ्याचं, कारण पुन:पुन्हा तापवलेल्या तेलात तयार होणारे टोटल पोलर कंपाउंड 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तळायला वापरता येत नाही, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. घरगुती सिलिंडर धंद्यात वापरणं हे अन्न-नागरी पुरवठ्याचं. आणि तो मुलगा श्रम विभागाचा. 2016 च्या दुरुस्तीनंतर, स्वतःच्या घरच्या धंद्यात शाळेनंतर हातभार लावणं आणि बालकलाकाराचं काम हे अपवाद सोडले, तर 14 वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. कढईतून मोरीत पडेपर्यंत तेल एका खात्याच्या हद्दीतून दुसऱ्या खात्याच्या हद्दीत जातं, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

त्यात नावांचा घोळ. आपल्याकडे मध्य प्रदेशात 'खाद्य' या नावाची दोन घरं आहेत. एक खाद्य, नागरिक आपूर्ति एवं उपभोक्ता संरक्षण विभाग, म्हणजे रेशन, गॅस, पेट्रोल यांचं. दुसरं खाद्य सुरक्षा प्रशासन, ते आरोग्याच्या बाजूला, भेसळ आणि स्वच्छता बघणारं. मी एका 'खाद्य'च्या दारात दुसऱ्या 'खाद्य'चा अर्ज घेऊन अर्धा दिवस उभा होतो. आपण इंदूरचे मराठी लोक तर आणखी एका गोष्टीने फसतो. आपले नातेवाईक पुण्या-मुंबईत, घरातला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तिकडचा, आणि तिकडून सल्ला येतो, "वैधमापनवाल्यांकडे जा", "महारेराला कळवा", "'आपले सरकार' पोर्टलवर टाका". सल्ला चुकीचा नसतो, पण तो महाराष्ट्राचा असतो. इथे वजनमापं तपासणाऱ्या त्या वैधमापनाला नापतौल म्हणतात, घरबांधणीवर देखरेख करणारा रेरा भोपाळला बसतो, आणि सरकारी तक्रारींची हेल्पलाइन 181 आहे. नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदासुद्धा इथला वेगळा, 1973 चा.

मला या सगळ्यातून एकच म्हणायचं आहे, आणि ते मी ठामपणे म्हणतो. कुठल्या धंद्यावर कोणाची देखरेख आहे हे शोधून काढणं हे नागरिकाचं काम नाही. सरकारने कामाच्या सोयीसाठी स्वतःची वाटणी केली, ती योग्यच केली. पण त्या वाटणीचा नकाशा पाठ करायची जबाबदारी दम्याच्या आजींवर टाकली, हे अयोग्य केलं.

"लोकांनी जागरूक व्हायला हवं" असं लगेच म्हटलं जातं. आमच्या वाचनालयात मी आठवड्यातून दोन संध्याकाळी ज्येष्ठांचे अर्ज लिहून देतो. तिथे येणारे लोक अडाणी नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शाळेत गणित शिकवलेल्या बाई आहेत. त्यांनाही मोबाइल कंपनीने पैसे कापले की ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, लिहावंसं वाटतं, आणि ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवतच नाही, तो दर आणि नियम ठरवतो. तक्रार आधी कंपनीकडे, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे न्यायची असते. नातवाची शाळा सीबीएसईची आहे म्हणून फीवाढीची तक्रार ते सीबीएसईला करू पाहतात. फीचा विषय मात्र राज्याच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे जिल्हा समितीकडे असतो, आणि तिचे अध्यक्ष कलेक्टर असतात. विजेचं बिल वाढलं तर भोपाळच्या नियामक आयोगाला पत्र लिहितात. आयोग दर ठरवतो. तुमच्या एका मीटरसाठी 2003 च्या कायद्याने ग्राहक तक्रार निवारण फोरम आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल ठेवला आहे. यातली प्रत्येक चूक समंजस माणसाची चूक आहे. नाव वाचून जे वाटावं तेच त्यांना वाटलं.

हे नुसतं हेलपाट्यांचं दुखणं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. देखरेख कोणाची आहे हे वेळेवर न कळल्याने आयुष्याची पुंजी जाते, तेही मी पाहिलंय. माझ्या मावशीने काकांच्या ग्रॅच्युइटीतले पैसे एका पतसंस्थेत ठेवले. निळ्या कव्हरचं पासबुक, आत शिक्के, काउंटरच्या मागे मराठी बोलणारी मुलं, दिवाळीला घरी येणारं कॅलेंडर. मावशी तिला बँकच म्हणायची, आणि दारावरच्या पाटीतलं शेवटून दुसरं बारीक अक्षर वाचायची तिला कधी गरजच वाटली नाही. पैसे अडकले तेव्हा तिने माझ्याकडून रिझर्व्ह बँकेला पत्र लिहवून घेतलं. उत्तर सभ्य आणि एका ओळीचं होतं, ही संस्था आमच्या अखत्यारीत नाही. ते खरंच होतं. पतसंस्थेवर सहकारी संस्थांच्या निबंधकाची देखरेख असते. संस्था एकाच राज्यातली असेल तर राज्याचा निबंधक, अनेक राज्यांत पसरलेली असेल तर दिल्लीचा केंद्रीय निबंधक. बँकेत ठेवलेल्या 5 लाखांपर्यंतच्या रकमेला ठेव विम्याचं जे संरक्षण मिळतं, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. मावशीने मला विचारलं, "अरे, मग हे त्यांनी पासबुकावर का नाही लिहिलं?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापायला लावणारं सरकार पासबुकाच्या पहिल्या पानावर 'या ठेवीला ठेव विमा नाही, देखरेख अमुक निबंधकाची' एवढं ठळक छापायला लावू शकत नाही का?

औषधाचंही तेच. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाच्या भागात, खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनामुळे लहान मुलं दगावली, तो आकडा वीसच्या वर गेला. औषध तयार झालं तमिळनाडूतल्या कांचीपुरमला, उत्पादनाचा परवाना तिथल्या राज्याच्या औषध नियंत्रकाचा. विक्री इथे, दुकानाचा परवाना इथला. बाटलीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक छापलेला असतो, पण तो परवाना कोणी दिला आणि कारखाना शेवटचा कोणी तपासला, हे वाचणाऱ्याला त्यावरून कळत नाही. परासियाच्या आईने औषधाच्या दुकानात उभं राहून कांचीपुरमचा अधिकारी ओळखावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मग बाकी ठिकाणी आपण ती का करतो?

आणि शोधायला निघावं तर काही वेळा सापडतं की देखरेख करणारं कोणी नाहीच. पाण्याचं उदाहरण घ्या. वीस रुपयांच्या सीलबंद बाटलीवर खाद्य सुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक असतो, मापासाठी नापतौलचा नियम असतो, कमाल किंमत छापावी लागते. लग्नाच्या मांडवात येतो तो थंड पाण्याचा जार, ज्याला सीलच नसतं, त्याचं काय? 2006 च्या खाद्य सुरक्षा कायद्याने अन्नाच्या व्याख्येत घेतलंय ते 'पॅकेज्ड' पिण्याचं पाणी, म्हणून सील नसलेला जार मधल्या फटीत राहतो. आणि घरच्या नळाचं पाणी? त्याच्यासाठी आयएस 10500 नावाचं मानक आहे, पण नळाने पाणी पुरवणाऱ्यावर ते कायद्याने बंधनकारक नाही. जी महापालिका पाणी पुरवते, तीच ते तपासते. 2025 संपता संपता इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात दूषित पाण्याने लोक आजारी पडले, काही दगावले. देशातलं सर्वात स्वच्छ शहर म्हणून आपण वर्षानुवर्षं अभिमानाने मिरवलेल्या शहरात हे घडलं. विजेच्या दरासाठी आयोग आहे, विम्यासाठी प्राधिकरण आहे, घरांसाठी रेरा आहे. नळाच्या पाण्यासाठी, पुरवठादाराहून वेगळा असा कोणी नाही. मला ही या सगळ्या नकाशातली सर्वात मोठी रिकामी जागा वाटते, आणि नकाशा लोकांसमोर मांडलेलाच नसल्याने ती रिकामी आहे हेही कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता उपाय. मी नवीन खातं मागत नाही. सगळी खाती एकत्र करून एकच 'महानिरीक्षक' नेमा, असंही म्हणत नाही. तेल तपासणाऱ्याला तेलाचं शास्त्र यावं लागतं, वजनकाटा तपासणाऱ्याला वजनाचं. वाटणी राहू द्या. मला पाहिजे ते एवढंच की चुकीच्या दारी गेलेला अर्ज नागरिकाने परत नेऊ नये, तो त्या दाराने योग्य दाराकडे पाठवावा.

हे काही हवेतलं मागणं नाही. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 6, उपकलम 3 हेच सांगतं. अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. मी स्वतः दोनदा चुकीच्या कार्यालयात माहितीचा अर्ज टाकलाय, दोन्ही वेळा तो आपला आपण योग्य जागी पोचला आणि मला पत्र आलं. म्हणजे हे जमतं. गुन्ह्याची फिर्याद हद्द न बघता नोंदवून घ्यायची, ती झिरो एफआयआरची सोय 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत लिहूनच दिली आहे. रिझर्व्ह बँकेने 12 नोव्हेंबर 2021 ला बँका, वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्या तीन वेगळ्या लोकपाल योजना एक केल्या. कुठल्या योजनेत बसतं आणि कुठल्या शहराच्या हद्दीत येतं, हा शोध ग्राहकाच्या डोक्यावरून उतरवला. केंद्राच्या तक्रार पोर्टलसाठी ऑगस्ट 2024 मध्ये जे निर्देश निघाले, त्यांत तर 'हा विषय आमच्या मंत्रालयाचा नाही' एवढं लिहून तक्रार बंद करायची नाही असं स्पष्ट म्हटलंय. दिल्लीच्या मंत्रालयाला जे सांगितलं, ते इंदूरच्या खिडकीला सांगायला काय हरकत आहे?

आणि आपल्या राज्याकडे तर हत्यार तयार आहे. लोकसेवा हमीचा कायदा देशात सगळ्यांत आधी 2010 मध्ये मध्य प्रदेशाने केला. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर अधिकाऱ्याला रोज 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 रुपये दंड, आणि त्यातून अर्जदाराला भरपाई देता येते. दाखले, नकला, जोडण्या अशा सेवा त्या यादीत आहेत. त्या यादीत आणखी एक ओळ घाला, 'चुकीच्या कार्यालयात आलेली तक्रार योग्य कार्यालयाकडे पाठवणं, मुदत पाच दिवस'. अर्जात पाच खात्यांचे पाच विषय असतील तर पाच प्रती काढून पाठवणं हेही त्याच ओळीत येऊ द्या. यासाठी इमारत लागत नाही, भरती लागत नाही. टपाल रजिस्टर लागतं, आणि ते प्रत्येक कार्यालयात आहे.

181 आहे की, असं कोणी म्हणेल. आहे, आणि मी लोकांना 181 चा नंबर आवर्जून देतो. तक्रार खालच्या अधिकाऱ्याकडे अडली तर पातळीपातळीने वर चढते, ही सोय मोलाची आहे. पण ती राज्याच्या खात्यांची हेल्पलाइन आहे. बँक, विमा, मोबाइल हे विषय केंद्राच्या नियामकांकडे आहेत. शिवाय फोनवर ऐकून कोणता विभाग निवडायचा, तिथेच अर्धी लढाई असते, आणि आमच्या भट्टीसारख्या तक्रारीला एक विभाग निवडणं म्हणजे बाकी चार सोडणं. फोन हा दरवाजा झाला. त्या दरवाजामागे कार्यालयांनी एकमेकांना अर्ज द्यायची सक्ती नसेल तर दरवाजा कितीही रुंद करून उपयोग नाही.

दुसरी मागणी पाटीची. पेट्रोल पंपावर जा. तिथे पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, मागितलं की त्यातून मोजून दाखवावं लागतं. पेट्रोलच्या शुद्धतेची शंका आली तर फिल्टर पेपर मागता येतो. ही व्यवस्था चांगली आहे, कारण तपासायचं साधन आणि जागा दोन्ही गिऱ्हाइकाच्या समोर आहेत. तशी एक पाटी प्रत्येक दुकानाच्या, दवाखान्याच्या, कोचिंगच्या, पतसंस्थेच्या दारात हवी. त्यावर हिंदीत आणि सोप्या भाषेत लिहिलेलं असावं की मालाची तक्रार अमुक ठिकाणी, मापाची अमुक, कामगारांची अमुक, नंबरासकट. दहा ओळींच्या वर नको. परवाना देणाऱ्या खात्यानेच ती छापून परवान्याबरोबर द्यावी, दुकानदाराला खर्च नको.

व्यापाऱ्यांवर आणखी एक ओझं, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण माझी वहिनी घरून भाजणी, चकली आणि मेतकूट विकते. पण तिची गोष्ट ऐकल्यावर माझं मत उलट पक्कं झालं. तिने खाद्य सुरक्षेची नोंदणी केली, तेव्हा वर्षाचे 100 रुपये भरले, क्रमांक पाकिटावर छापला आणि निश्चिंत झाली. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, तक्रारीसाठीचा पत्ता हे वेगळ्या कायद्याखाली, 2011 च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे छापावं लागतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. एक दिवस दोन माणसं आली, गळ्यात ओळखपत्रं, आणि म्हणाली दंड भरा नाही तर माल उचलतो. कुठल्या खात्याची, हे तिला विचारताही आलं नाही, कारण कुठली खाती असतात हेच तिला माहीत नव्हतं. तिने दोन हजार दिले. पावती मिळाली नाही. ती माणसं खरी होती की तोतया, आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. तिच्या स्वयंपाकघराच्या दारावर 'इथे तपासणीला फक्त या दोन कार्यालयांचे अधिकारी येऊ शकतात' अशी सरकारी पाटी असती, तर ती बाई दारातच उभी राहिली असती. आपल्यावर कोणाचा हक्क चालतो हे ज्या छोट्या माणसाला माहीत नसतं, त्याच्यावर सगळ्यांचाच चालतो.

भट्टीचं पुढे काय झालं ते सांगतो. वकील मित्राच्या सल्ल्याने एका अर्जाचे पाच केले, पाच ठिकाणी दिले, पाच पावत्या घेतल्या. सिलिंडर निळे झाले. मोरीत आता जाळी आहे. मुलगा दिसेनासा झाला. तो शाळेत गेला की दुसऱ्या दुकानात, हे विचारायला मी पुन्हा गेलो, तेव्हा ते कोणाकडे विचारायचं, इथूनच पुन्हा सुरुवात झाली. पाइप तिथेच आहे.

येत्या मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर कचेरीत जनसुनवाईला आम्ही सातजण जाणार आहोत. आजी रिक्षाने येतील. या वेळी अर्जात भट्टीचा उल्लेख नाही. लोकसेवा हमीच्या यादीत ती एक ओळ घालण्याची शिफारस शासनाकडे पाठवावी, एवढीच विनंती आहे. तो अर्ज 'आमच्या इथला नाही' असं कोणी म्हणालं, तर तेवढं लेखी मागून घ्यायचं ठरवलं आहे.